मागून फाडलेली पुस्तकं

॥ श्री ॥
भूगाव,
६ जुलै २०२५

तीर्थस्वरूप दादास,
रजनीचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून हसशील. पण फोन करून काय उपयोग? मागच्या वेळी मी एकटीच बोलत राहिले आणि तू पलीकडून फोनवर टिचक्या मारत राहिलास. एक टिचकी म्हणजे हो की नाही, हेसुद्धा आपण ठरवलं नव्हतं. तुझा राजू म्हणतो मोबाईलवर लिहा, दादा वाचतील. पण तू मोबाईल धरतोस तो विंचू धरल्यासारखा. आणि भेटायला यायचं नाही असा तुझा हुकूम. गळ्याला नळी लावलेला नथू कुणी बघायचा नाही म्हणे. मग उरलं पत्र.

लिहायचं कारण असं, की एका दिवाळी अंकाने माझ्याकडून लेख मागवलाय. माझं वाचन, माझ्या आवडीनिवडी, माझी स्फूर्तिस्थानं वगैरे. इतके खून लिहिणारी बाई घरात बसून वाचते काय, याचं वाचकांना म्हणे फार कुतूहल आहे. खरं सांगितलं तर हिरमोड होईल बिचाऱ्यांचा. मी पंचांग वाचते. कोर्टाचे निकाल वाचते. विषारी झाडपाल्यावरचं एक जुनं सरकारी पुस्तक उशाशी असतं आणि जेवताना पाककृती लागतात. रहस्यकथेत मला रक्त चालत नाही. डिटेक्टिव्ह फार हुशार निघाला की मला जांभया येतात. दमलेला, पाय दुखणारा, घरी भांडून आलेला असला की मी त्याच्यामागे कुठेही जाते. आणि एकदा आवडलेलं पुस्तक मी पुन्हा उघडत नाही. तेवढं चांगलं निघालं नाही तर, अशी भीती वाटते.

पहिला नंबर कुणाला द्यायचा याबद्दल मात्र मला कधीच शंका नव्हती. 'कोरड्या विहिरीचा साक्षीदार'. आठवतं ना? भाताला डुकरं लागायची म्हणून आपण खोपीत राखणीला बसायचो, तू मोठ्याने वाचायचास आणि मी तुझ्या पाठीला टेकून ऐकायचे. माझी तेव्हा शाळासुद्धा धड सुरू झाली नव्हती. इनामदार कोरड्या विहिरीत मरून पडलेला. पुतण्या, कारकून, दुसरी बायको, डॉक्टर, सगळ्यांवर संशय. आणि शेवटी निघते कोण, तर ज्या म्हाताऱ्या आत्याबाईने त्याला लहानाचा मोठा केला ती. तो जे करायला निघाला होता ते त्याच्या हातून होऊ नये म्हणून तिने त्याला ढकललं. डिटेक्टिव्हला सगळं कळतं. तो तिच्या चुलीपाशी बसतो, तिने वाढलेली भाकरी खातो, पाय घसरला असं पोलिसांना सांगून निघून जातो. दादा, त्या भाकरीने मला लेखक केलं. खून तिरस्काराने होत नाही, मायेने होतो, हे मी त्या खोपीत शिकले आणि आजवर तेच लिहून खाल्लं. प्रत्येक मुलाखतीत या पुस्तकाचं नाव घेते, पण लेखकाचं नाव काही आठवत नाही. तुला नक्की आठवेल. तेवढं कळव.

वहिनींना नमस्कार, राजूच्या आरोहीला पापा. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझी,
रजनी


॥ श्री ॥
मुळशी,
१४ जुलै २०२५

चि. रजनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोस्टमनने हातात देताना विचारलं, की लई जाड हाय, कोर्टाचं तर न्हाई ना. मी मान हलवली. हल्ली माझं सगळं बोलणं मानेवर चाललंय.

आमच्याकडे लावणी चालू आहे. माणसं मिळत नाहीत, बायका सगळ्या रिसॉर्टच्या कामाला जातात. राजूने उरवड्याच्या कारखान्यातून रजा काढली आणि स्वतः चिखलात उतरला. मी बांधावर खुर्ची टाकून काठीने दाखवतो, पण वर बघतंय कोण? आवाज गेल्याचं मला फार वाटत नाही. शिवी देता येत नाही याचं वाटतं. आरोहीने तिची जुनी पाटी दिली आहे, तिच्यावर लिहितो. शिवी लिहून दाखवेपर्यंत राग निघून जातो.

लेखकाचं नाव मला माहीत नाही. कधीच नव्हतं, कव्हरवर नुसतं पुस्तकाचं नाव होतं. पुस्तकं गुरुजींची आहेत, हात लावायचा नाही, असं मी तुला सांगायचो ते खोटं होतं. पौडच्या वाण्याकडे पुण्याहून रद्दी यायची. तो पुड्या बांधायला पुस्तकं मागून फाडत जायचा. पुढून फाडलं की कव्हर सुटतं आणि गठ्ठा विस्कटतो, म्हणून मागून. बाजाराच्या दिवशी मी त्याची पोती रचून द्यायचो आणि तो अर्धी उरलेली पुस्तकं मला न्यायला द्यायचा. व्रतकथा अर्धी चालते, प्रवासवर्णन अर्धं चालतं. रहस्यकथेचं मात्र वाटोळं व्हायचं. ज्याने खून केला तो कुणाच्या तरी हळदीच्या पुडीला गेलेला असायचा.

मग मी काय करणार? तू पाठीला टेकून बसलेली, पुढे काय पुढे काय करून डोकं खाणारी. पानं संपली की मी पुस्तक पहिल्यापासून पुन्हा उलटायला लागायचो आणि तोंडाने पुढचं सांगायचो. तुला पानांचा आवाज हवा असायचा, तो मिळायचा. तुला वाचता यायला लागलं तेव्हा मी वाण्याकडे जाणं सोडलं. तर ती आत्याबाई माझी. भाकरीही माझी. आपल्याला त्या वेळी भूक लागली होती म्हणून ती आली असेल. त्यात एवढं शिकण्यासारखं काही नव्हतं.

पण रजे, बाकीच्या पुस्तकांचं मी विसरून गेलो, ती विहीर काही डोक्यातून गेली नाही. पुस्तकाचं नाव साक्षीदाराचं आणि माझ्या शेवटात साक्षीदारच नाही. म्हणजे लेखकाच्या मनात काहीतरी दुसरं होतं. काय होतं? औत धरताना, पोथी वाचताना, कुठेही ते मधेच डोकं वर काढायचं. आता आडवा झालो की तेच चालू होतं. डॉक्टर हल्ली राजूशी बोलतात, माझ्याशी नाही. रहस्यकथा वाचणाऱ्याला यातून जे कळायचं ते कळतं. तू पुण्यात शोध. अख्खी प्रत मिळाली तर खरा खुनी कोण ते मला कळव. तेवढं एक कळलं की माझं काही राहिलेलं नाही.

लेखात यातलं काही घालायचं नाही. इकडे यायचं नाही. तब्येत सांभाळ.

तुझा,
नथूदादा


॥ श्री ॥
भूगाव,
२२ जुलै २०२५

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग रडले, मग तुझा इतका राग आला की चहा करून प्यायले आणि पुन्हा वाचलं. अरे, मी सभांमधून सांगितलंय! त्या अज्ञात लेखकाला गुरू मानते म्हणून पुरस्कार घेताना डोळे पुसलेत! आणि तो अज्ञात लेखक तिकडे मुळशीत बसून माझ्या प्रत्येक पुस्तकाला ठीक आहे म्हणतोय. एवढी पुस्तकं लिहिली मी, दादा, पण ठीक आहेच्या पुढे तू कधी गेला नाहीस. एकदा तर तू म्हणालास, की पावसात खून केलास म्हणजे तू आळशी झालीस. आमच्याकडे म्हणे चार महिने पाऊस असतो, चपला हातात घेऊन कोण खून करायला जातंय?

तुझं बरोबरच होतं म्हणा. ते प्रकरण मी नंतर बदललं, तुला सांगितलं नाही.

शोध सुरू केलाय. जुन्या पुस्तकवाल्यांना सांगून ठेवलंय. त्यातला एकजण म्हणाला, असल्या पुस्तकांना तेव्हा कुणी जपलं नाही, आता सगळे शोधत येतात. पेठेतलं एक वाचनालय बंद होतंय, त्यांचं रहस्यकथांचं कपाट अजून उचललेलं नाही, ऑगस्ट लागला की तिथे जाणार आहे. मिळेल. मी आजवर कुठला खुनी सुटू दिलाय?

लेख मात्र माझा काही केल्या पुढे जात नाही. 'माझं आवडतं पुस्तक' असं लिहिते आणि पुढे तूच येतोस. तू नको म्हणतोस म्हणून खोडते. आणि डॉक्टरांबद्दल जे लिहिलंस ते पुन्हा लिहू नकोस. मला ते वाचवत नाही. एकदा येऊन जाऊ का? लांबूनच बघीन. तू म्हणशील तसं.

तुझ्या रागासकट तू हवास.

तुझी,
रजनी


॥ श्री ॥
मुळशी,
२ ऑगस्ट २०२५

वन्संना चंद्राचा नमस्कार वि. वि.

मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, सातवीत शाळा सुटली. चुकलं तर समजून घ्या. हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे.

यांचं बरं नाही. आता नाकातून नळी घातली आहे, तिच्यातून पेज देतो. परत मोठ्या दवाखान्यात न्यायचं का म्हणून राजूने विचारलं तर यांनी पाटीवर नाही असं लिहिलं आणि पाटी उलटी ठेवून दिली. रोज पोस्टमनची वेळ झाली की ओटीवर येऊन बसतात. तो हात हलवून पुढे गेला की परत आत. ते तुमचं विहिरीचं पुस्तक लवकर शोधा. मला त्यातलं काही कळत नाही, पण माणूस एवढ्या एकाच गोष्टीसाठी उठून बसतो आहे हे मला दिसतं.

एक बरं आहे. आरोहीला हे पाटीवर गोष्ट लिहून देतात. रोज एक पाटी भरेल एवढीच. ती वाचते, पुसते, मग दुसऱ्या दिवशी पुढची. धरणाच्या पाण्यात एक देऊळ बुडलेलं आहे आणि त्याची घंटा कुणीतरी चोरली आहे, असं काहीतरी. चोर कोण ते सांगा म्हणून पोरगी आमचं डोकं खाते. तेवढा वेळ घरात जरा बरं वाटतं.

तुम्ही यावं का म्हणून विचारलंत. हे नको म्हणतात. पुढचं तुम्ही ठरवा.

घरचं माणूस म्हणून लिहिलं, मनाला लावून घेऊ नका.

तुमची,
चंद्रा


॥ श्री ॥
भूगाव,
११ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

मिळालं! त्या बंद होणाऱ्या वाचनालयाच्या कपाटात सगळ्यात मागे, कव्हर उडालेलं, पण पानं शेवटपर्यंत. नाकातोंडात धूळ घेऊन बाहेर आले तर तिथला शिपाई म्हणाला, बाई, सोनं मिळाल्यासारखं काय हसताय.

कागद इतका विरलाय की झेरॉक्सच्या काचेवर ठेवला तर भुगा होईल. म्हणून शेवटचं प्रकरण मी हाताने उतरवून काढलंय, ते सोबत जोडते. आरामात वाच. पण मला राहवत नाही, थोडं सांगतेच. डिटेक्टिव्ह भर दुपारी स्वतः त्या विहिरीत उतरतो आणि तळाशी बसून राहतो. घरात भांडं पडलं, तो आवाज त्याला ऐकू येतो. माजघरातली जांभईसुद्धा ऐकू येते. आणि मग त्याच्या लक्षात येतं. खालचा आवाज वर जातच असणार. इनामदार पडला तेव्हा मेला नव्हता. पाय मोडून सबंध दुपार तो हाका मारत होता आणि जेवून आडवं झालेल्या त्या घरातल्या प्रत्येकाने त्या ऐकल्या होत्या. पुतण्याला वाटलं कारकून जाईल, बायकोला वाटलं पुतण्या जाईल. कुणीच उठलं नाही. खून कुणी केलाच नव्हता. सगळेच साक्षीदार होते.

आता लागला ना नावाचा अर्थ? वाचून काय वाटलं ते लगेच लिही. मी वाट बघते आहे.

तुझी,
रजनी


॥ श्री ॥
मुळशी,
२१ ऑगस्ट २०२५

चि. रजनीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं येतंय, लावून घे.

प्रकरण तीनदा वाचलं. एकदा मी, दोनदा आरोहीकडून. विहिरीत उतरून बसलेला तो माणूस मला दिसतो आहे. घरातली जांभई ऐकू येते, हे ज्याला सुचलं तो लेखक काय असेल! नाव नाही, गाव नाही, आणि वाण्याने त्याच्यात मिरच्या बांधल्या.

रजे, मी तुझं नुकसान केलं. हे गमतीने लिहीत नाही. असा शेवट त्या पुस्तकात होता आणि मी तुला काय दिलं, तर म्हातारी आणि भाकरी. पोरगं होतो, सुचेल ते बोललो. पण तू ते खरं धरलंस आणि त्याच्यावर सगळं आयुष्य बांधलंस. तुझी पुस्तकं मी चांगली म्हणत नसे. का, ते तुला कधी सांगितलं नाही. प्रत्येकात शेवटी मला माझीच आत्याबाई दिसायची. खोटं नाणं चालून गेलेलं बघून माणसाला जे वाटतं ते वाटायचं. तू जर त्या खोपीत हा खरा शेवट ऐकला असतास तर तू कुठल्या कुठे पोचली असतीस. ते माझ्यामुळे झालं नाही.

आरोहीला जी गोष्ट लिहून देत होतो ती बंद केली आहे. एका पोरीचं केलं तेवढं बस झालं. लेखात त्या लेखकाचं नाव शोधून घाल, मान त्याचा आहे. माझं येता कामा नये.

मला जे कळायचं होतं ते कळलं. तू शोधून दिलंस, फार बरं केलंस. राग धरू नकोस.

तुझा,
नथूदादा


॥ श्री ॥
भूगाव,
३ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी कितीदा लिहिलं आणि फाडलं. तुझं आलं त्या दिवशीच उत्तर द्यायचं होतं. पण जे लिहीन ते सारवासारव केल्यासारखं वाटायचं, म्हणून पुन्हा नव्याने. राजूला फोन लावून सांगावं असंही मनात आलं, पण हे त्याने तुझ्या कानाशी ओरडून सांगावं हे मला सहन होईना. माझ्या हातचं तुझ्या हातात पडू दे.

दादा, तो शेवट मी लिहिलाय.

पुस्तक खरंच मिळालं. शेवटची पानं चांगली धडधाकट आहेत, त्यांची झेरॉक्स सोबत आहे. कागद विरल्याचं खोटं होतं. तूच वाच. शेवटून दुसऱ्या पानावर रंगूनहून इनामदाराचा जुळा भाऊ येतो. त्याचं नावही आधी कुठे आलेलं नाही. हातात पिस्तूल घेऊन तो सगळं कबूल करतो आणि वाड्याच्या पायरीवर त्याला साप चावतो. संपलं. साक्षीदार म्हणजे एक पोपट, तो विहिरीवरच्या झाडावर बसलेला असतो. मी तिथेच कपाटाला टेकून बसले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तू तळमळलास ते हे? वहिनींचं पत्र आलेलं होतं. तू ओटीवर वाट बघत बसतोस असं त्यांनी लिहिलं होतं. मला वाटलं, माझ्या भावाला मी पोपट पाठवणार नाही. मी धंदेवाईक बाई आहे, एक चांगला शेवट मला जमेल. तुला समाधान मिळेल, एवढंच डोक्यात होतं. तू तो स्वतःच्या शेवटाशेजारी ठेवून बघशील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि लोक मला म्हणतात की हिला माणसाच्या मनातलं कळतं.

तू जन्मात पहिल्यांदा माझ्या लिहिण्याला चांगलं म्हणालास आणि मला ते वाचून घासही गिळवेना. ऐक, तुझा शेवट त्या पुस्तकापेक्षा शंभरपट चांगला आहे. माझ्यापेक्षाही. माझ्या शेवटात कुणी कुणासाठी उठत नाही. तुझ्यात निदान कुणीतरी कुणाला जेवायला वाढतं. मी आयुष्य बांधलं ते खऱ्या नाण्यावर बांधलं. आरोहीची गोष्ट बंद करू नकोस, मी पाया पडते.

गणपती हलले की मी येते आहे. तू नको म्हणालास तरी येणार. तुझी नळी मला बघायची नाही, तुला बघायचं आहे.

मला माफ कर आणि आहेस तसा रहा.

तुझीच,
रजनी


मुळशी,
२० सप्टेंबर २०२५

वन्संना,

वर श्री घातलेलं नाही. घरात सुतक होतं ते फिटलं, पण हात गेला नाही.

हे गेल्याच्या दिवशी तुम्ही आलात, तिरडी धरून रडलात, मी बघितलं. तुम्हाला काय एवढं झालं ते मला तेव्हा कळलं नाही. तुमचं पाकीट हे गेल्यावर, दहाव्याच्या आधी येऊन पडलं होतं. राजू म्हणाला, आता ते कुणी उघडायचं, राहू द्या. पण यांच्या नावाचं होतं म्हणजे आता माझंच. काल उघडलं. आधी मी वाचलं, मग झेरॉक्स आरोहीकडून वाचून घेतली. पोपटाचं आलं तेव्हा ती हसली. हे असते तर मांडीवर थाप मारून हसले असते. तो आवाज नसलेला त्यांचा हसायचा प्रकार होता, नळीतून नुसती हवा यायची आणि खांदे हलायचे. तुम्ही तो बघितलेलाच नाही.

तुम्ही पाठवलेलं प्रकरण त्यांनी उशाखाली ठेवलं होतं. आल्यागेल्याला दाखवायचे. शेजारच्या देवूला पाटीवर लिहून दाखवलं, की लिहिणं म्हणतात ते हे. तो बिचारा म्हणाला, आमाला काय कळतंय त्यातलं, नथूभाऊ. तुम्हाला यांच्या तोंडून चांगलं म्हणवून घ्यायचं होतं ना, ते हे म्हणाले. मी खोटं कशाला सांगू? पण त्याच दिवसापासून आरोहीची गोष्ट बंद झाली. ती पाटी घेऊन बसायची, हे पाटी बाजूला सारायचे. एकदा तिने फारच हट्ट केला तेव्हा लिहिलं, की शेवट मला येत नाहीत, आत्याआजीला विचार. त्यानंतर पाटी हातात घेतली नाही. तहान लागली तरी नाही, नुसतं बोट दाखवायचे. मग तेही बंद झालं. वन्सं, आवाज डॉक्टरांनी काढला. पाटी तुम्ही काढून घेतलीत.

मी तुम्हाला वाईट बाई म्हणत नाही. तुमच्या मनात काळं नव्हतं, हे मला पत्रातून कळलं. पण ज्यांना नुसता कोण तो खुनी एवढंच कळायला हवं होतं त्यांना पोपट चालला असता. तुम्हाला चालला नाही. आणि मग खरं काय ते कळवायला तुम्हाला पत्र फाडून फाडून लिहावं लागलं. सख्ख्या भावाला चूक झाली म्हणायला चांगलं अक्षर कशाला लागतं? भूगावहून इथे यायला असं किती लागतं? रविवारी पोरंटोरं गाड्या उडवत भजी खायला येतात धरणावर. येऊ नको असं हे म्हणाले, हे मला माहीत आहे. आजारी माणूस म्हणतोच. मी तुम्हाला लिहिलं होतं की तुम्ही ठरवा. त्या विहिरीतल्या माणसाच्या हाका घरात सगळ्यांना ऐकू येत होत्या असं तुम्हीच लिहिलंत. यांच्या तुम्हाला भूगावला ऐकू आल्या होत्या. तुम्ही लिहीत बसलात.

आरोही मला विचारते, की आजोबांनी घंटेचा चोर कोण ठरवला होता. मी सांगितलं, मला माहीत नाही. तुम्ही तो ठरवू नका. तिला काही लिहून पाठवू नका. अर्धी राहिली तर राहू दे, पोरीला कळू दे की राहते. तुमच्या लेखात काय घालायचं ते तुमचं तुम्ही बघा, त्यात मी पडत नाही. हे आता नको म्हणायला नाहीत.

उद्या सर्वपित्री आहे. पान वाढणार आहे. तुम्ही या, किंवा येऊ नका. आलात तर जेवून जा, मी घरातून घालवणार नाही.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. आज माझ्याच्याने ते लिहवत नाही.

चंद्रा